कोरी घरं

मी घरं बनवते. तळहातावर मावतील एवढी, मऊ पांढऱ्या लाकडाची. एकतीस वर्षं संग्रहालयाच्या मागच्या खोलीत हेच करते आहे आणि हे काम मला उत्तम येतं, असं मी स्वतःच सांगते. दुसरं कोणी सांगायला येत नाही.

या वर्षी संग्रहालयाने 'शहराचा बहर' नावाचं प्रदर्शन काढलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी चाळीस वर्षं होऊन गेली की नाट्यगृह काय, घुमटाचं वाचनालय काय, रंगीत काचांचं स्टेशन काय, चित्रकार आणि गवंडी सगळे एकदमच अंगात आल्यासारखे कामाला लागले होते. दालनाच्या मधोमध त्या सगळ्या शहराची प्रतिकृती मांडायची होती. ती माझ्याकडे आली.

आमच्या कामात एक पद्धत आहे. ज्या इमारती प्रदर्शनाच्या विषयात बसतात त्या बारकाव्यांसकट रंगवायच्या. बाकीच्यांना नुसता लाकडाचा आकार द्यायचा. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. त्यांना आम्ही कोरी घरं म्हणतो. रंगीत इमारतीला पितळी पट्टीवर नाव मिळतं. कोऱ्या घराच्या तळाला पेन्सिलीने क्रमांक, धूळ पुसायला काढलं तर पुन्हा जागेवर बसावं म्हणून. बघणाऱ्याची नजर रंगाकडे जावी, एवढाच त्यामागचा हेतू.

शिवाय माझ्या मास्तरांचा एक नियम होता. बनवणाऱ्याने आपल्या नात्यातल्या घराला रंग लावायचा नाही. "नाहीतर प्रत्येक कारागिराच्या मावशीचं घर राजवाडा होतं," असं ते म्हणायचे. म्हणून बाइंडरांच्या गल्लीतलं माझ्या ताईचं घर मी कोरं ठेवलं. ग-१७. खरं तर त्याला रंग लागायला हवा होता. नाट्यगृहाचं छत रंगवणारा तो मोठा चित्रकार आजारपणानंतर वर्षभर तिथे राहिला होता, आणि बरं वाटू लागल्यावर हाताला चाळा म्हणून त्याने वरच्या खोलीचं लाकडी छत पक्ष्यांनी भरून टाकलं होतं. बाहेरून घर अगदीच साधं, त्यामुळे घरच्यांखेरीज हे कोणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, तरी मी ते प्रदर्शनासाठी केलेल्या पाहणीच्या यादीत लिहिलं नाही. मी नाकावर माशी बसू देत नाही. कोणी मला पक्षपाती म्हटलेलं मला चाललं नसतं.

प्रतिकृती पूर्ण झाली त्या आठवड्यात नगररचना कार्यालयातून तिघे जण आले. त्यातला मोठा अधिकारी खिशात फूटपट्टी घेऊन फिरत होता, म्हणून मी त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं. संग्रहालयात येणारे लोक आधी नाट्यगृहापाशी थांबतात, मग वाचनालयापाशी. हे तिघे तिकडे वळलेच नाहीत. ते कोऱ्या घरांपाशी थांबले. फूटपट्टीने आपलं बोट नाट्यगृहापासून नदीपर्यंत हवेतच ओढलं. ते बोट बाइंडरांच्या गल्लीवरून गेलं.

"किती स्पष्ट दिसतं हो," तो मला म्हणाला. "आम्ही दोन वर्षं नकाशे बघतोय, पण हे असं कळलंच नव्हतं."

मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, फुशारलेच. त्याने क्रमांकांचा आराखडा मागितला आणि मी तो गुंडाळी करून, वर रबर लावून त्याच्या हातात दिला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे गेले. गल्लीच्या तोंडाशीच पहिल्या दारावर लाल रंगात ग-११ लिहिलेलं होतं. पुढे ग-१२. अक्षर दुसऱ्याचं होतं, क्रमांक माझे होते. माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर, मी ठरवलेले. ते या गल्लीतल्या माणसांच्या दारांवर कसे आले हे कळायला मला एक क्षणही लागला नाही. मी दारं मोजत चालत राहिले. ताईच्या दाराला ग-१७ होतं, आणि ताई ओल्या फडक्याने ते पुसायचा प्रयत्न करत होती.

"निघतच नाही मेलं," ती म्हणाली. "नळाच्या कामाचे लोक असतील. विचारून तरी लिहायचं! तू का अशी पांढरीफटक? जेवलीस का?"

वर भाऊजी पलंगावर पडून होते. पाठ गेल्यापासून त्यांचं पुस्तकबांधणीचं काम सुटलं होतं आणि दिवसभर ते छताकडे बघत असत. सगळ्या पक्ष्यांना त्यांनी नातेवाइकांची नावं दिली होती. तिरळा होला म्हणजे त्यांचे सख्खे मामा. मला बघून ते म्हणाले, "या मेहुणीबाई, आज मामांचा मूड बरा आहे." मी हसले आणि काही न सांगताच परत आले. सांगायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दालन उघडायच्या आत मी संचालकसाहेबांच्या खोलीत गेले.

"नदीपर्यंत मोठा रस्ता होणार आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "नाट्यगृह लांबून दिसायला हवं ना. तुमच्या प्रतिकृतीमुळेच निर्णय सोपा झाला. मधे जपण्यासारखं काहीच नाही, हे तुम्हीच तर दाखवलंत."

"कोरं म्हणजे रिकामं नाही, साहेब. त्यात माणसं राहतात."

"त्यांची सोय नदीपलीकडे होईल."

मग मी मास्तरांचा नियम मोडला. छताबद्दल सगळं सांगितलं. साहेब खुर्चीतून उठलेच. पुरावा काय, असं त्यांनी तीनदा विचारलं. ताईच्या सासऱ्यांनी जपून ठेवलेलं चित्रकाराचं पत्र, मी काढलेले फोटो, नाट्यगृहाच्या छतावरचे तसेच पक्षी, सगळं मी दोन दिवसांत त्यांच्या टेबलावर मांडलं. इतकं जीव तोडून मी आयुष्यात काही सिद्ध केलं नव्हतं. साहेबांनी भिंगातून फोटो पाहिले आणि माझा हात हातात घेतला.

"छत वाचलं, असं समजा," ते म्हणाले. "मी स्वतः कार्यालयाशी बोलतो."

माझा जीव भांड्यात पडला. मी खोलीत येऊन ग-१७ रंगवलं. इवलं दार, तीन खिडक्या, विटकरी छप्पर. ते प्रतिकृतीत परत बसवलं तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या कोऱ्या घरांमध्ये ते एकटंच दिसत होतं, आणि मला ते बरं वाटलं नाही. शेजारच्या ग-१६ मध्ये काय आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. पण मी ताईला फोन केला.

"संग्रहालयाची माणसं येतील," मी म्हटलं. "छत बघायला. त्यांना सगळं नीट बघू दे. काही अडवू नकोस. तुमचं घर वाचतंय त्यांच्यामुळे."

"अगं मी कशाला अडवू? चहा करीन," ताई म्हणाली. घर वाचतंय म्हणजे कशापासून, हे तिने विचारलं आणि मी नंतर सांगते म्हटलं.

चार दिवसांनी, दुपारी, लेबलवाले काका माझ्या खोलीत आले. प्रदर्शनातल्या प्रत्येक वस्तूखालचा मजकूर तेच लिहितात. भला माणूस, स्वल्पविरामावरून रात्रभर झोप येत नाही असा. त्यांच्या हातात छापलेला कागद होता.

"पक्ष्यांच्या प्रजाती बरोबर आहेत का, तेवढं बघ. तुला माहीत असणार."

मी वाचलं. रंगीत लाकडी छत, सोळा फळ्या. मग चित्रकाराचं नाव आणि वर्ष. सर्वांत खाली: मूळ स्थान, बाइंडरांच्या गल्लीतील एक घर, आता अस्तित्वात नाही.

"काका, घर उभं आहे."

"आज आहे गं. छत दालनात मांडेपर्यंत नसेल. लेबल एकदा लागलं की बदलता येत नाही, म्हणून आधीच तसं लिहून ठेवलं." मग माझ्याकडे बघून ते चाचरले. "तुला सांगितलं नाही का कोणी? छत काढायला माणसं सकाळीच गेली."

मी धावत सुटले. या वयात धावणं शोभत नाही, रस्त्यात लोक बघत होते, बघोत. गल्लीच्या तोंडाशी संग्रहालयाची गाडी उभी होती आणि तिच्यात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या फळ्या रचलेल्या होत्या. मी जिने चढले.

खोली मोकळी होती. पलंग, कपाट, भाऊजींचं औषधांचं टेबल, सगळं ताईने स्वतःच सरकवून दिलं होतं. भाऊजींना शेजाऱ्यांकडे नेऊन झोपवलं होतं, धुळीचा त्रास नको म्हणून. खिडकीत रिकामे कप होते. छताचा अर्ध्याहून जास्त भाग गेला होता आणि त्या जागी वरची कौलं आणि फटींतून ऊन दिसत होतं. एक माणूस शिडीच्या टोकाला उभा राहून पुढची फळी सैल करत होता. खाली ताई दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. केसांवर भुसा पडलेला.

"आलीस?" ती वर बघतच म्हणाली. "बघ किती जपून काढतायत. एकसुद्धा फळी तडकली नाही. धुऊन परत कधी बसवणार, ते तेवढं विचार त्यांना. रात्री थंडी येईल ना वरून, ह्यांच्या पाठीला सोसायची नाही."

वरच्या माणसाचा हात थांबला. त्याने खाली माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं आणि सांगायचं काम त्याचं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "ते परत बसवणार नाहीत. घर पाडणार आहेत. सगळी गल्लीच. छत तेवढं आम्ही ठेवतोय." आम्ही, हा शब्द माझ्याच तोंडून आला. "मीच सांगितलं त्यांना. आधी घर कोरं ठेवलं तेही मीच."

ताईने शिडी तशीच धरून ठेवली. तिच्या हनुवटीखालची शीर हलत होती. तिने आता ओरडावं, मला मारावं, निदान हात तरी सोडावेत असं मला मनापासून वाटलं. मी पुढे होऊन शिडीला हात लावला.

"सरक," ती म्हणाली. "वर माणूस आहे. तो उतरेपर्यंत धरू दे मला."