थकलेल्या डोळ्यांचा लाल

रंगाच्या कारखान्यात छटा तपासायला यंत्र असतं, पण आकडा काठावर आला की शेवटचा शब्द डोळ्यांचा. इथे ते डोळे मॅडमचे. कामगार त्यांना माघारी ‘घार’ म्हणत. लाल रंग फार वेळ पाहिला की डोळा सरावतो आणि बारीक फरक कळेनासे होतात. म्हणून मधूनमधून राखाडी पत्र्याकडे बघत स्वस्थ बसायचं, हा नियम त्यांनीच घालून दिला होता.

अलीकडे पॅकिंग विभागही त्यांच्याकडे आला होता. झेपला तर दोन्हींचं प्रमुखपद पक्कं. आधीच्या बाईंनी तो सोडला तेव्हा साहेब म्हणाले होते, “बायकांचं हे असंच. आरंभशूर.” तेव्हापासून मॅडमना स्वस्थ बसायची चोरी झाली होती.

दुपारी साहेबांचा फोन आला. गाडी भरून तयार होती. मॅडमनी नमुन्याची पट्टी दिव्याखाली धरली. “पास. सोडा.”

हाताखालची मुलगी जेवून आली, तिने तीच पट्टी उचलली. आसपास कोणी नसलं की ती ताई म्हणे.

“ताई, हा नारिंगीकडे झुकतोय.”

“मी पाहिलाय.”

“सकाळपासून लालच पाहताय ना?”

“तू काय माझी सासू आहेस?”

“सासूबाईंनी निदान बसा तरी म्हटलं असतं.”

मॅडम पत्र्यासमोर बसल्या. फोन वाजत राहिला, त्यांनी घेतला नाही. मग पट्टी पुन्हा पाहिली. नारिंगी झाक ढळढळीत दिसत होती.

“नमुना माझ्याकडून चुकून बदलला गेला म्हणून सांगू?” मुलगी हळूच म्हणाली.

“गप्प बस.” त्यांनी साहेबांना फोन लावला. “गाडी थांबवा. माझी चूक झाली. डोळे थकले होते.”

“थकणारच हो,” साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. “दोन-दोन विभाग म्हणजे काय! पॅकिंग काढून घेऊ या का?”

ओरडले असते तर बरं, असं मॅडमना वाटलं.

“काढा म्हटलं नाही मी. मदतीला माणूस द्या. त्या बाईंच्या आधीच्या सरांना होता.”

“बघू.”

“काय म्हणाले?” मुलीने विचारलं.

“बघू म्हणाले.”

खाली गाडी मागे येत होती. डबे उतरवायला माणसं लावायची होती, आणि निदान आज तरी पॅकिंग त्यांचंच होतं.