शांतिकक्षातल्या सतरंजीचे निवेदन

विषय : तळमजल्यावरील सर्वधर्म शांतिकक्षात रोज दुपारी अर्धा तास बसू देण्याबाबत.

संदर्भ : सौ. दाक्षायणी शिवशरण बिराजदार व श्रीमती खैरुन्निसा बागवान यांचा संयुक्त अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून मी, सदर कक्षात अंथरलेली सतरंजी, निवेदन करते की दोन्ही अर्जदारांना मी ओळखते. या खोलीला नाव नव्हते तेव्हापासून ओळखते. माझी भाषा ऐकून कुणी दचकू नये. आयुष्याची बरीच वर्षे मी सोसायटीच्या फायलींच्या कपाटाला टेकून उभी काढली आहेत. बोलायला मी तिथेच शिकले.

माझा जन्म सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका हातमागावर झाला. मला विणणारा माणूस तेलुगूत सतत काहीतरी पुटपुटत असे. तो देवाचे नाव घेत होता की मालकाला शिव्या देत होता हे मला सांगता येणार नाही, कारण दोन्हीची चाल एकच होती. मध्येच लाल सूत संपले, म्हणून त्याने भगवे लावले. भगवे संपल्यावर हिरवे. शेवटी थोडे पांढरे आणि निळे उरले होते, तेही घालून त्याने मला एकदाची पुरी केली. पट्टे जुळत नाहीत म्हणून दुकानदाराने मला कोपऱ्यात टाकले. जुळे सोलापुरातल्या या सोसायटीने मला त्याच कारणाने घासाघीस करून उचलले.

मग मी सोसायटीची झाले. गणपतीला मी, हळदीकुंकवाला मी, वार्षिक सभेला मी. कुणी वर गेले की खाली मला अंथरत. एरवी मला गुंडाळून अडगळीच्या खोलीत उभे करीत. माणसे चेहऱ्यावरून माणसे ओळखतात, मी गुडघ्यांवरून ओळखते. इतकी वर्षे इतके गुडघे सोसल्यावर माझे एक मत झाले आहे. जात, पंथ, शिक्षण काहीही असो, मांडी घालून थोडा वेळ झाला की प्रत्येकाच्या पायाला मुंग्या येतात आणि प्रत्येक जण आपल्या देवाला हळूच हाक मारतो. मला कळलेले अध्यात्म एवढेच.

आता अर्जदार क्रमांक एक. दाक्षायणीबाई दवाखान्यात परिचारिका होत्या. परक्या रोग्यांचे करण्यात जन्म गेला, त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही, अशी त्यांची ख्याती. निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत नवऱ्याला, शिवशरणमालकांना, झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात शाबूत राहिला, आणि त्या हातात टीव्हीचा रिमोट. आवाज कमी केला की मालक स्टीलची वाटी पलंगाच्या दांडीवर आपटतात. पाणी हवे असले की वाटी. कूस बदलायची झाली की वाटी. काहीच नको असले तरी वाटी, कारण माणूस आहे, त्यालाही कंटाळा येतो.

पुण्याहून लेक सोनाली रोज फोन करते. आईचा आवाज ऐकून तिने मोबाइलवर ध्यानाचे एक अॅप टाकून दिले. त्यातली बाई इंग्रजीत श्वास घ्यायला सांगते आणि सोडायच्या आधी जाहिरात लागते.

एका दुपारी मालकांनी भाताचा घास बाईंच्या अंगावर थुंकला आणि बाईंचा हात वर गेला. पडला नाही. पण वर गेलेला हात बघून त्या स्वतःच घाबरल्या आणि तशाच जिना उतरून खाली आल्या. समोर अडगळीच्या खोलीचे दार होते. त्या काळी त्याला कुलूप नव्हते, कारण आत चोरण्यासारखे माझ्याशिवाय काही नव्हते. त्यांनी मला उलगडले आणि माझ्यावर बसल्या. नुसत्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मालक जेवून डोळा मिटत, तेवढा अर्धा तास. बागेत जाता आले असते, देवळात जाता आले असते, असे पुढे पुष्कळांनी सुचवले. पण बिराजदारांचे घर बरोबर या खोलीच्या डोक्यावर आहे. वाटी वाजली की इथे ऐकू येते. बागेत येत नाही, देवळात तर मुळीच येत नाही. म्हणजे अख्ख्या सोलापुरात ही बाई निवांत बसू शकेल अशी जागा एकच होती, आणि ती मी होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, भूगोल म्हणून सांगते.

अर्जदार क्रमांक दोन, खैरूनबी. दोन खोल्यांचे घर, त्यात दोन सुना आणि नातवंडांचा बाजार. नमाजाला वाकल्या की पाठीवर एखादे नातवंड बसलेले. त्या आपला मुसल्ला घेऊन जागा शोधत आल्या, तर आत दाक्षायणीबाई.

“अक्का, मैं इधर कोने में पढ लूं क्या?”

“या की बी. जागा लई हाय,” बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दोघी. बी नमाज पढून झाल्यावर तसबीहची माळ घेऊन बसत. बाई गळ्यातले इष्टलिंग हातात धरून डोळे मिटत, कधी नुसत्याच भिंतीकडे बघत. देवाविषयी दोघींमध्ये कधी एक शब्द झाला नाही. झाले ते शेंगाचटणीत लसूण किती, आणि नळाला पाणी कधी येणार, याविषयी. वाटी वाजली की बाई उठत आणि बी म्हणत, “जाव अक्का, बुलारे.” एवढेच. वर गेल्यावर बाईंचा आवाज चढत नसे. मला वरचे सगळे ऐकू येते, म्हणून सांगते.

असे बरेच दिवस चालले. कुणाला कळले नव्हते, म्हणून चालले.

मग एके दिवशी अध्यक्ष जोतिरामआप्पा आणि सचिव युवराज रोषणाईच्या माळा काढायला आले. आप्पा हे वाचणारे गृहस्थ. सगळ्या धर्मांची पुस्तके त्यांच्याकडे आहेत, आणि सगळ्यांचे सार एकच आहे हे ते भेटेल त्याला सांगतात. सार एकच असल्यामुळे सांगायला बराच वेळ लागतो. दारात त्यांना दिसले की एक लिंगायत आणि एक मुसलमान बाई एकाच सतरंजीवर डोळे मिटून बसल्या आहेत. आप्पांचे डोळे भरून आले.

“युवराज,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “आपण पुस्तकात शोधत बसलो. बघ, हे इथं आहे.”

खैरूनबींनी एक डोळा उघडला. “आप्पा, जाता जाता पंखा लावा की.”

युवराजने फोटो काढला. आप्पांनी बाईंना विचारले की बसल्यावर काय अनुभव येतो. बाई म्हणाल्या, काही नाही, बरे वाटते. आप्पांनी ते आपल्या भाषणात ‘शून्याची अनुभूती’ म्हणून घेतले.

तिथून पुढे या खोलीचे वाईट दिवस सुरू झाले. तिला रंग दिला. दारावर ‘सर्वधर्म शांतिकक्ष’ अशी पाटी आणि शेजारी दोघींच्या फोटोचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर त्या दोघींपेक्षा समितीचे फोटो मोठे आले, पण तो छापणाऱ्याचा दोष. मला धुऊन वाळवून आणले. माझ्या अंगावरचे भगवे, हिरवे, निळे, पांढरे बघून आप्पांनी सभेत सांगितले की विणकराने यात केवढा संदेश गुंफला आहे. सूत संपले होते, हे सांगायला मला तोंड नव्हते.

मला कुठल्या दिशेने अंथरावे यावर दोन बैठका झाल्या. कुणाला पूर्व हवी, कुणाला पश्चिम, एकाने वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्य सुचवली. तोवर मे महिना आला आणि कूलर बसवला. त्यानंतर न सांगता सगळे कूलरकडे तोंड करून बसू लागले आणि दिशेचा विषय संपला.

उद्घाटनाला सत्कार पुष्कळ झाले. शाली माझ्यावर पडल्या, नारळ माझ्यावर घरंगळले. मौनाचे महत्त्व आप्पांनी माइकवरून समजावून सांगितले. नंतर मौन सुरू झाले. ते रंगात येणार इतक्यात बाहेरून कुणीतरी म्हणाले, “पाणी आलं.” आठवड्यात कधीतरी येणारे पाणी. सगळे धर्म एकदम उठले, एकाच दाराने, कुणालाही पुढे जायला न सांगता. आप्पा ज्या एकतेबद्दल बोलत होते ती मी त्या दिवशी पाहिली.

दाक्षायणीबाईंना सत्कारासाठी पहिल्या रांगेत बसवले होते. वर वाटी वाजत होती. माइकमुळे त्यांना ती ऐकू आली नाही. मला आली.

यानंतर नियम झाले. प्रत्येक धर्माला वार दिला. ज्या धर्माचे सोसायटीत कुणीच राहत नाही त्यालाही दिला, आणि त्या वारी कक्ष तत्त्वासाठी बंद असतो. वेळ सकाळी सात ते आठ. एरवी कुलूप, कारण आत आता कूलर आहे. किल्ली युवराजकडे, आणि युवराज दिवसभर नवी पेठेत आपल्या दुकानात.

बाई एका सकाळी त्याला दारातच गाठून म्हणाल्या, दुपारी किल्ली ठेवून जा.

“काकू, तुमचा सोमवार आहे की. सकाळी या.”

“सकाळी मालकांचं अंग पुसायचं असतं रे.”

“मग सून नाही, लेक पुण्यात, करणार काय. बरं, खैरूनचाचींना शुक्रवार आहे, त्यांना सांगा.”

“आम्ही दोघी बसतो, युवराज.”

“दोघी एकदम?” त्याने नियम काढून वाचले. खरेच शोधले त्याने, पोरगा वाईट नाही. “एकदम बसायची सोय नाही काकू. सर्वधर्म म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा वार. अर्ज द्या, समितीपुढं ठेवतो.”

म्हणून हा अर्ज. बाईंनी लिहिला, खाली दोघींनी सह्या केल्या. कारण म्हणून लिहिले : ‘तिथे बसल्यावर घरातली वाटी वाजलेली ऐकू येते.’ समितीतल्या एकाने समासात शेरा मारला की पूजेची भांडी कक्षात आणण्यास परवानगी नाही. आप्पांचे मन मात्र द्रवले. ते स्वतः बाईंना भेटले आणि म्हणाले, “ताई, तुमच्यामुळंच तर हे सगळं उभं राहिलं. जरा धीर धरा. शांतीच्या वाटेवर घाई नको.”

बाईंनी धीर धरला. दुपारी त्या जिन्यात बसून पाहू लागल्या. जिन्यातही वाटी ऐकू येते, पण येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून मालकांची तब्येत विचारतो, आणि विचारल्यावर स्वतःच्या मावशीच्या झटक्याची हकीकत सांगतो. चार दिवसांत बाईंनी ते सोडले आणि घरातच राहू लागल्या. मी खाली कुलपात, धुतलेली, सरळ अंथरलेली, अंगावर एक सुरकुती नाही. वरून टीव्हीवरचे भांडण ऐकू येई, मग वाटी, मग बाईंचा आवाज. आवाज रोज थोडा वर जात होता.

गेल्या मंगळवारी दुपारी वाटी वाजली, पुन्हा वाजली, वाजतच राहिली. मग एक वेगळाच आवाज झाला, छोटासा. त्यानंतर वाटी फरशीवर पडून गोल गोल फिरत थांबली. टीव्ही बंद झाला. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि ती मला मुळीच आवडली नाही.

थोड्या वेळाने जिन्यावर पावले आली. दाराशी थांबली. कुलूप एकदा हलले. मग दाराला पाठ टेकून कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. समोरच्या घरातून खैरूनबी बाहेर आल्या असाव्यात, कारण दाक्षायणीबाईंचे बोलणे मला दाराच्या फटीतून ऐकू आले.

“बी, आज हात लागला माझा.”

 खैरूनबींनी विचारले, “पानी पिलाए क्या उनकु?”

“पाजलं. घटाघट प्याले. माझ्याकडं बघत होते.”

“फिर थोडा बैठो इधर. मैं ऊपर जाके उनके पास बैठती.”

“तुमचा नमाज?”

“होता बाद में. अल्ला कहीं जाता क्या.”

बींची पावले वर गेली. वर टीव्ही लागला, पण आवाज बारीक होता, आणि वाटी वाजली नाही. बाई दाराबाहेर फरशीवर बसून राहिल्या. मध्ये एक जाड लाकडी दार होते. अलीकडे मी, पलीकडे त्या. दाराशेजारच्या फ्लेक्सवर डोळे मिटून बसलेल्या त्या ह्याच बाई, असे मला वाटते. तो फ्लेक्स मला इथून दिसत नाही.

माझे स्वतःचे मागणे काही नाही. मला गुडघे लागतात, एवढेच समितीच्या निदर्शनास आणून देते. कूलर हवा तर काढून न्यावा. पाटीही न्यावी. दार नुसते ओढून घेतले तरी चालेल.

सदर अर्ज मागील बैठकीत वाचला गेला. दोन धर्मांनी एकत्र बसणे नियमात बसते किंवा कसे, यावर अभिप्राय मागवण्याचे ठरले. अभिप्राय कुणाचा मागवायचा हे पुढील बैठकीत ठरेल. पुढील बैठकीची तारीख अद्याप कळवलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.