पाच अजानांच्या गोळ्या

सबीका गोळ्या घ्यायची ती अजान ऐकून. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आहार सांगणाऱ्या रबाबने तिला एक कागद दिला होता. त्यावर सकाळी सहा, दुपारी बारा, चार, संध्याकाळी सहा, रात्री आठ अशा वेळा लिहिलेल्या. वजन उतरवायला पोट लहान केलं, आतड्याची वाट आखूड केली, आता खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व पुरेसं अंगी लागणार नाही, म्हणून या गोळ्या जन्मभराच्या; एवढं सबीकाला नीट समजलं होतं. पण कागद हरवतो, घड्याळाकडे लक्ष जात नाही. अजान मात्र गेली चाळीस वर्षं तिने कधी चुकवली नव्हती. म्हणून तिने सात खणांची डबी आणली आणि आपला नेम बांधून घेतला. पहाटेच्या फज्रनंतर सगळ्या जीवनसत्त्वांची मोठी गोळी, दुपारच्या दुहरनंतर लोहाची, उतरत्या उन्हाच्या असरनंतर कॅल्शियमची, सूर्यास्ताच्या मग्रिबला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रात्रीच्या इशानंतर पुन्हा कॅल्शियम.

मुलाच्या नावावरून सगळे सबीकाला उम्म फलाह, फलाहची आई, म्हणत. तिची नणंद तर्फा गोळ्यांवरून तिला चिडवायची. म्हणायची, मुअज्जिनाला सांगून ठेवा, उम्म फलाहची गोळी राहिली तर पुन्हा बांग दे. सबीका हसून सोडून द्यायची. अकरा महिन्यांत चाळीस किलो उतरले होते. नमाजेत खुर्ची लागायची, ती सुटली होती. कपाळ पुन्हा जमिनीला टेकायला लागलं, त्या दिवशी ती सज्द्यातून लवकर उठलीच नव्हती.

तिला आता एकच ओढ होती. ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात रमजान आला, तेव्हा डॉक्टरांनी रोजे करू दिले नव्हते. सगळं घर उपाशी आणि ही दर तासाला दोन घोट पाणी पीत बसलेली. ते तीस रोजे तसेच राहिले होते. या रमजानला एकही चुकवायचा नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रमजानच्या महिनाभर आधी रक्त तपासू. अहवाल चांगला आला तर खुशाल रोजे करा.

अहवाल चांगला आला नाही. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता, रक्तही कमी. केस हातात येतात का, जिना चढताना धाप लागते का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि तिला हो म्हणावं लागलं. बर्फ चघळण्याचं तिने सांगितलं नाही. ते सोबत आलेल्या तर्फानेच सांगितलं. ऐन थंडीत ही बाई ग्लासातला बर्फ कुडुमकुडुम खाते, आम्हाला वाटलं सडपातळ झाली म्हणून नखरे सुचतात. डॉक्टरांनी मान हलवली. लोह कमी पडलं की माणसाला असं सुचतं, म्हणाले. मग पेन खाली ठेवून त्यांनी सांगितलं की अशा अंगाने रोजा नको, यंदाही नको.

डॉक्टरांनी तिला रबाबकडे पाठवलं.

रबाब इजिप्तमधल्या मन्सूराची, मिसरी बाई. तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. वडीलधाऱ्या बायकांना मानाने हाज्जा म्हणायची. तिने अहवाल पाहिला आणि सरळच विचारलं, गोळ्या कधीपासून बंद केल्यात? असे कितीतरी लोक येतात, वजन उतरलं की गोळ्या कपाटात जातात आणि इथे येऊन शपथा घेतात. सबीकाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. झालेल्या वारांचे खण रिकामे होते, पुढच्या वारांचे भरलेले. सोबत औषधांच्या दुकानाच्या अकरा महिन्यांच्या चिठ्ठ्या, एकही महिना न गाळलेल्या.

"एक गोळी चुकली नाही पोरी," ती हळूच म्हणाली. "अल्लाह बघतो आहे."

"मग ते लोह गेलं कुठे, हाज्जा? वाळूत?"

रबाबने खुर्ची जवळ ओढली. दिवसभर काय काय करता ते उठल्यापासून सांगा, म्हणाली. सबीकाने सांगितलं. घरच्या दिवसांचं सगळं ठीक निघालं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत तीन तासांचं अंतर पडत होतं, चहा असरनंतरच होत होता. उन्हाळ्यातला अहवालही म्हणूनच चांगला होता. रबाबने तो काढून पाहिला आणि पुन्हा बुचकळ्यात पडली. तेव्हा तर्फा मधेच म्हणाली, पण घरी ही असते कधी? थंडी पडली की बुधवारपासून शनिवारपर्यंत आम्ही सगळे सालमीच्या वाळवंटात, तंबूत.

"तंबूतही घेते मी," सबीका घाईने म्हणाली. "तिथे तर आणखी सोपं. शंभर किलोमीटर म्हणजे प्रवासच झाला. प्रवासात नमाज जोडता येते ना, दुहर आणि असर एकदम, मग्रिब आणि इशा एकदम. मी जोडूनच पढते."

रबाबचा हात कागदावर थांबला. "आणि गोळ्या?"

"त्या नमाजेच्याच मागे आहेत. त्याही जोडून."

"लोह आणि कॅल्शियम एका घोटात?"

"हो."

"घोट कशाचा?"

आता तर्फाने तोंडावर ओढणी धरली. सबीकाने खाली बघत सांगितलं की नमाज संपते तेव्हा फलाहचे वडील, अबू फलाह, निखाऱ्यावरची किटली उतरवतच असतात. काळा चहा, कडक. पहिला पेला तिलाच देतात.

रबाब हसली, पण मोठ्याने नाही. नवरा-बायकोच्या त्या पेल्याचं तिला हसू आलं असावं. मग तिने पंजा उघडून समजावलं. कॅल्शियम आणि लोह एकाच दारातून आत जातात. दोघं बरोबर आले तर कॅल्शियम दारात उभं राहतं आणि लोह बाहेरच राहतं. त्यात कडक चहा म्हणजे दाराला कडी. आठवड्याचे चार दिवस, तीन महिने, ही बाई नेमाने गोळी घेत होती आणि ती नेमाने वाया जात होती. आतड्याची वाट आधीच आखूड, तिथे एवढी उधळपट्टी कुठून परवडणार?

"हाज्जा," ती म्हणाली, "प्रवासाची सवलत देवाने तुम्हाला दिली. गोळ्यांनी कुठे प्रवास केला? त्यांनी आपापल्या वेळी यायला हवं होतं."

सबीकाला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आळसाने चुकलं असतं तर तौबा करून मोकळी झाली असती. हे तर मनापासून पाळलेलं होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. रबाबने डबीवर हात ठेवून सांगितलं की नेम चांगलाच आहे, मोडायचं काही नाही, फक्त तो कशाला बांधायचा ते बदलू. नमाज अजानवर, गोळ्या घड्याळावर. मग ती स्वतः उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. बाहेर आली ती अर्धी चांगली बातमी घेऊन. शिरेतून लोह दोनदा द्यायचं. पहिले दहा रोजे नाहीत. अकराव्या दिवशी रक्त बघून पुढचं ठरेल.

तर्फा म्हणाली, बाजारात भाव पाडावा तसे तीसाचे दहा दिवसांवर आणले की या रबाबने.

तंबूत त्या आठवड्यातही गेले सगळे. दुहर आणि असर जोडून झाली, अबू फलाहने किटली उतरवली आणि सबीकाने पेला परत केला. लोहाची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि फोनची घंटी तीन तासांवर लावली. अबू फलाहला आधी कळेना, माझ्या चहाला काय झालं. कळलं तेव्हा त्यांनी तो पेला घंटी वाजेपर्यंत निखाऱ्याच्या कडेला ठेवून दिला. चहा तोवर इतका कडू झाला की तर्फा म्हणाली, याने तर तंबूच्या खुंट्या रंगवा.

रमजान लागला. पहिले दहा दिवस सबीका दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून पाणी प्यायची. घरातल्या कुणी काही विचारलं नाही. गेल्या वर्षी या दाराआड तिला रडू यायचं. या वर्षी ती गोळी गिळायची, ग्लास विसळून पालथा घालायची आणि संध्याकाळच्या हरीसचा, त्या मटण घातलेल्या घट्ट लापशीचा, गहू ढवळायला घ्यायची. भरल्या घरासाठी रांधणं हीही सेवाच, असं स्वतःला सांगायची. ते अर्धं तरी पटायचं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. साठा भरला नव्हता, पण चढला होता, रक्तही वर आलं होतं. एकेक रोजा करून बघा, म्हणाले. चक्कर आली तर त्याच क्षणी सोडायचा, हट्ट नाही. सबीकाने तिथेच कबूल केलं. रबाबने नवा कागद दिला: लोह पहाटे रोजा धरण्याआधीच्या सहरीला, पाण्याबरोबर, बाकी सगळं संध्याकाळच्या इफ्तारपासून झोपेपर्यंत, दोन-दोन तासांच्या अंतराने. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सहरीला चहा नाही.

दुसऱ्या दिवशी असरची अजान झाली. सबीका खिडकीशी बसली होती, पहिल्या रोज्याने ओठ कोरडे, डोकं शांत. अकरा महिन्यांच्या सवयीने हात पिशवीत गेला आणि डबी चाचपू लागला. डबी तिथे नव्हती. फोनशेजारी कपाटात होती, संध्याकाळपर्यंत तिचं काही काम नव्हतं.

तिने हात बाहेर काढला, हातपाय धुऊन वुजू करायला उठली आणि नमाजेचा मुसल्ला अंथरला.