कालवांच्या गाण्याचं शेवटचं कडवं

"शेवटचं कडवं घराबाहेर नेऊ नकोस, पोरी. ज्यांच्या घरचं नाव त्यात आहे, ती माणसं रविवारी चर्चमध्ये आपल्याच शेजारी बसून प्रार्थना म्हणतात."

पणजीचा आवाज कालवाच्या शिंपल्यासारखा होता. वरून खरबरीत, आतून गुळगुळीत. ती, मोझेल केपर्स, जाऊन कित्येक वर्षं लोटली, तिची पणती नायला शाळेच्या शेवटच्या वर्गात पोचली. पण वर्गात मिस फ्रिप बाईंनी पुस्तक उघडलं, आणि तो आवाज नायलाच्या कानाशी येऊन बसला.

आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा तास होता. पुस्तकात पणजीचंच गाणं छापलेलं होतं, खाली 'कवी अज्ञात'. पूर्वी कुणी गाणी गोळा करणारा माणूस बेटावर खाडीकाठच्या कालवांच्या कारखान्यात आला होता. ओळीने उभ्या राहून कालवं फोडणाऱ्या बायांनी, त्यांतच पणजीनं, त्याला गाऊन दाखवलं. मालक शेजारीच उभा होता. बाया बेतानंच गायल्या, शेवटचं कडवं गाळून.

*फोड कालव बाई, फोड कालव,*
*भरतीचं पाणी आलं, सुरी चालव.*
*मालक देईल त्यात सुख मान,*
*वरती देवाघरी भरेल पान.*

गाणं इथं संपत नाही, असं नायलानं निबंधात लिहिलं होतं. मिस फ्रिपनी त्यावर लाल रेघ ओढून भोपळा दिला होता. निबंध गेला तर विषय गेला, आणि विषय गेला तर मे महिन्यात मंचावर जाऊन पदवी घेणं गेलं. आजीनं त्या दिवशी घालायला स्वतःसाठी नवी टोपी आत्ताच घेऊन ठेवली होती.

"उभ्या राहा, मिस केपर्स," बाई म्हणाल्या. "या बाया वाकायला शिकल्या होत्या. हे गाणं त्या वाकण्याचं आहे. तुमचं मत वेगळं आहे म्हणे."

"त्या वाकल्या नव्हत्या, मॅम. पुढं अजून एक कडवं आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

"पुस्तकात नाही. आमच्या घरात."

"अस्सं. तुमच्या घरात कालवं फोडून झाली की संशोधन चालायचं वाटतं."

वर्ग हसला. मागून क्विंटन म्हणाला, "हिच्या पणजीला शिंपल्यात मोती नाही, कडवी सापडायची."

"तू गप रे. तुझी पणजी तर फोडायची कमी आणि खायची जास्त."

"मिस केपर्स, इकडे बघा. कडवं असेल तर म्हणा. नसेल तर खोटं लिहिलं असं कबूल करा आणि बसा."

कडव्यात संप फोडणाऱ्या एका बाईचं नाव होतं, आणि ती बाई मिस फ्रिपची आजी होती. सगळ्या बेटाला ठाऊक होतं. हिलाच तेवढं ठाऊक नसावं, असं नायलाला वाटे. कोण कुणाच्या तोंडावर सांगणार?

"बघा," बाई वर्गाला म्हणाल्या, "आपल्याकडे ही एक खोड आहे. पणजीच्या नावावर काहीही खपवायचं."

"माझ्या पणजीचं नाव घेऊ नका, मॅम."

"मग मला कडवं द्या. तुमच्या पणजीला खोटी म्हणवून घ्यायचं असेल तर गप्प राहा."

"तुम्ही ऐकलंत तर झोप लागणार नाही."

"माझ्या झोपेची काळजी तुम्ही करू नका. ते घरचे लोक करतात."

"हो ना. तुमच्या घरचे लोक फार काळजी करायचे. मालकाची."

हसू थांबलं. मिस फ्रिपनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला. तो घरंगळून खाली पडला, तरी त्या वाकल्या नाहीत.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "आत्ता. पूर्ण."

नायलाचे कान तापले होते. पणजी, माफ कर, तिनं मनात म्हटलं, आणि गाऊ लागली. तळहातानं बाकावर ठेका धरला, सुरीचा ठेका, शिंपला उघडण्याचा.

*बाया म्हणाल्या, उद्या सुऱ्या खाली,*
*सांजेला बातमी बंगल्यात गेली.*
*नव्या झग्यासाठी सौदा केला,*
*नाव तिचं बाई...*

समोर बाईंचा चेहरा होता. हनुवटी वर, डोळे कोरडे, ओठ मात्र किंचित हलत होते. बाईंना तोडून बोलायला नायला किती दिवस टपली होती. आता सुरी हातात होती, आणि हात उठेना. ठेका थांबला.

"नाव विसरले मी, मॅम," ती म्हणाली. "राहू द्या तो भोपळा."

क्विंटन पुटपुटला, "घ्या, संपलं संशोधन."

"गप्प बस," मिस फ्रिप म्हणाल्या. आवाजात अजून तीच धार होती. नायलाकडे न बघता त्यांनी तीन बोटांनी टेबलावर ठेका धरला, जिथून तुटला होता तिथूनच.

"आयडेला," त्या म्हणाल्या. "नाव तिचं बाई, आयडेला. माझी आजी. लहानपणी पोरं माझ्या मागं हे म्हणत चालायची." ठेका थांबला. "झगा निळा होता. अजून माझ्या कपाटात आहे."