पॅनलला दुपारचा ताप

तिसऱ्यांदा भडगावच्या एसटीत बसलो तेव्हा मी स्वतःवर, जवरीलाल शेठवर आणि जगातल्या समस्त केळ्यांवर चिडलो होतो. शेठच्या केळी पिकवायच्या थंड खोलीला मी बनवलेलं कंट्रोल पॅनल होतं. सेन्सर खोलीत, तिथून लांब वायर, आणि पॅनल पेढीवर, म्हणजे शेठने गादीवरून न हलता तापमान बघावं. धुळ्यात वर्कशॉप काढल्यावर विकलेलं हे माझं पहिलं पॅनल, आणि केळी वेळेआधीच लिबलिबीत होत होती. शेजारच्या किराणा दुकानात शेठचा फोन आला होता: आज दोष सापडला नाही तर पॅनल परत. मग वर्कशॉपला कुलूप आणि मी सासऱ्यांच्या दुकानात, जन्मभर भांड्यांवर नावं कोरत. सासरे तर वाटच बघत होते.

सकाळभर तपासलं. सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला, त्याने इमानदारीत शून्य दाखवलं. वायर टोकापासून टोकापर्यंत चाचपली. खोलीत अठरा अंश, सगळं ठीक. मागच्या दोन्ही खेपांना हेच झालं होतं. एक वाजला की शेठ म्हणायचे, "आधी जेवण, धनसिंगभाऊ," आणि घरी नेऊन बाट्यांवर इतकं तूप ओतायचे की मी तिथूनच पेंगत एसटी गाठायचो.

आज मी उपास सांगितला. शेठने टोपी घातली, किल्ल्या घेतल्या आणि बाहेर पडता पडता मेन स्विच खट्‌कन खाली ओढला. पंखा थांबला. पॅनल गेलं. मी आत उभा आहे हेही त्यांच्या लक्षात नव्हतं! म्हणजे मागच्या दोन्ही वेळा मी बाट्या चुरत होतो, तेव्हा इकडे माझं पॅनल मरून पडलं होतं. बोंब मारणार होतो, पण म्हटलं, पुढचा तमाशाही बघू.

पॅनलच्या हुकमाशिवाय थंडाव्याचा कॉम्प्रेसर चालत नाही. खोली तापत गेली. चार वाजता शेठ आले, स्विच वर केला. पॅनल जागं झालं आणि सत्तावीस अंश बघून घंटा बडवू लागलं. लगेच खोलीची राखण करणारी झुंबरबाई शेजारच्या रसवंतीतून बर्फ घेऊन धावली. मी मागोमाग. तिने बर्फाच्या पाण्यातली चिंधी सेन्सरला गुंडाळली. घंटा गप्प झाली, आणि खोली गार झाली समजून कॉम्प्रेसरही थांबला. केळी उकडतच राहिली.

"बाई, हे काय?" मी ओरडलो.

"रोज दुपारले बिचाराले ताप येस, भाऊ. वल्ली पट्टी ठेवस, मंग उतरी जास." आजारी लेकराला कुरवाळावं तसा तिने सेन्सरवरून हात फिरवला. माझा राग तिथेच विरघळला.

शेठ मात्र भडकले. "हिनेच माझी केळी नासवली! उद्यापासून येऊ नकोस."

तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाला तोंडावर दोष देणं म्हणजे भांड्यांचं दुकान आणखी जवळ आणणं, पण मला राहवेना. "शेठ, हिने नुसती पट्टी ठेवली. ताप तुम्ही आणलात," म्हणालो आणि मेन स्विच दाखवला.

शेठने स्विचच्या दांड्यावरून बोट फिरवलं. "पेढी बंद करताना माझे बापूजीही स्विच पाडायचे," ते पुटपुटले. "बरं, उद्याची दुपार बघू. तोवर दोघंही थांबा."

पॅनलला वेगळी लाइन द्यायला वायरमन आठवड्याने येणार होता. तोवर सगळी भिस्त शेठच्या हातावर, आणि तो हात चाळीस वर्षांच्या सवयीचा.

दुसऱ्या दिवशी एक वाजता शेठने टोपी घातली, किल्ल्या घेतल्या. बोलता बोलता हात आपसूक वर गेला. हात दांड्यावर पडला आणि थांबला. दांड्याला एक कोरडी पट्टी घट्ट बांधलेली होती.

"खरा रोगी आते सापडी गया," झुंबरबाई केर काढता काढता म्हणाली.

शेठचे कान लाल झाले. मग ते इतके हसले की टोपी पडली. "धनसिंगभाऊ, पॅनल राहू दे. आणि ही बाईपण. आज उपास नाही ना?"

"मुळीच नाही," मी म्हणालो.

शेठच्या घरची डाळ-बाटी मी तिसऱ्यांदा खात होतो, पण माझं पॅनल चालू असताना पहिल्यांदाच.