चार मिनिटं मागे

बाबांनी पेपर टेबलावर टाकला, "सगळं खोटं आहे," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच सोडून उठले. आमच्याकडे चहा अर्धा राहिला म्हणजे प्रकरण गंभीर.

चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला बाबा चावी देतात. आधी आजोबा द्यायचे. मनोऱ्यासमोर राहणाऱ्या एका निवृत्त वकिलांनी लेख लिहिला होता की हे घड्याळ आता कायमचं बंद करावं. सोमवारी नगरपालिकेच्या बैठकीत त्याचाच निर्णय होता.

भाषेच्या बाईंनी नुकतीच एक युक्ती शिकवली होती. तपासता येतं त्याखाली पेन्सिल, कुणाला नुसतं वाटतं त्याखाली लाल पेन. खरं सांगते, वकीलसाहेबांची फजिती करायची असं ठरवूनच मी लेख घेऊन बसले.

लाल पेन सुसाट सुटलं. 'कर्कश ठोके', लाल. 'जुन्याचं ओझं', लाल. 'शहाण्या गावाला न शोभणारं', हे तर दोनदा लाल. पेन्सिल मात्र एका वाक्यापाशी अडली: घड्याळ चार मिनिटं मागे असतं.

बाबा म्हणाले, शक्यच नाही, रोज ताडून बघतो. कशाशी, मी विचारलं. मनगटावरच्या घड्याळाशी. आणि ते कशावरून लावता?

बाबांनी मनोऱ्याकडे बोट केलं. मनगटावरचं मनोऱ्यावरून, स्वयंपाकघरातलं मनगटावरच्यावरून, माझं स्वयंपाकघरातल्यावरून. आईचा फोन तेवढा कायम चार मिनिटं पुढे, आणि 'फोनला मेली कसली घाई' हा आमच्या घरचा ठरलेला विनोद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं रेडिओ घेऊन मनोऱ्याच्या पायऱ्यांवर बसलो. रेडिओनं आठ वाजल्याचं सांगितलं. वर सगळं शांत. ठळक बातम्या झाल्या, खेळाच्या झाल्या, हवामान सुरू झालं, तेव्हा कुठे डोक्यावर पहिला ठोका पडला.

बाबांचा चेहरा बघवेना. "म्हणजे तो खरा आणि मी खोटा," ते म्हणाले.

"पेन्सिलीपुरता तो खरा," मी म्हटलं. "मागे आहे म्हणून बंद करा, हे त्याचं लाल. मागे आहे म्हणून नीट लावा, असंही म्हणता येतंच की."

बाबांनी लेख मागून घेतला. पहिल्यांदाच पूर्ण वाचला असावा. मग बोट ठेवून विचारलं, 'कर्कश' लाल का? मी म्हटलं, आवाज मोजता येईल, पण कर्कश कसं मोजणार? "पण त्याची दुपारची झोप मोडते, हे विचारून बघता येईल," बाबा म्हणाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते खरंच विचारून आले. मोडत होती.

रविवारी बाबांनी अर्ज लिहिला आणि माझ्यासमोर सरकवला. "आता माझ्याखाली ओढ. हयगय नको."

घड्याळ मागे होतं, काल नीट लावलं: पेन्सिल. दुपारचे ठोके बंद ठेवता येतील: पेन्सिल. शेवटचं वाक्य होतं, 'हे घड्याळ गावाला हवंच आहे.' माझा हात थबकला, पण ओढलं लाल. बाबांनी ते खोडलं नाही. आधी दोन शब्द घातले: 'मला वाटतं'.

बैठकीत घड्याळ राहिलं, दुपारचे ठोके गेले. जमलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा वकीलसाहेबांनीही हात वर केला म्हणे.

आता घरातली घड्याळं आईच्या फोनवरून लागतात. आईला विचारलं, तर म्हणते, मला आधीपासून माहीत होतं. हे कसं तपासायचं, ते अजून सुचलेलं नाही.