साहेबांच्या सहीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना सहीचा शिक्का आहे. एका वकीलसाहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणात, गंजलेल्या टाचण्यांच्या शेजारी पडून असतो.

एका कारागिराने साहेबांची सही रबरावर कोरली आणि मला लाकडी मूठ बसवली. तेव्हा माझा थाट काही और होता. हाताखालच्या वकिलांनी लिहिलेला प्रत्येक कागद साहेब पेन्सिल घेऊन वाचत, चुका दाखवत, पुन्हा लिहायला लावत. मगच मला शाई लागे. माझा ठसा दिसला की समोरचे वकील सावरून बसत.

पुढे साहेबांचे नाव झाले आणि त्यांना मान वर करायला फुरसत उरली नाही. मी त्यांच्या हाताखालच्या तरुण वकीलबाईंच्या टेबलावर गेलो.

साहेबांकडे आलेल्या एका शिंपीणबाईंचे दुकान जागेचा मालक रिकामे करून मागत होता. वकीलबाईंनी दुसऱ्या एका खटल्यातला जुना मसुदा पुढे ठेवून शिंपीणबाईंच्या वतीने कोर्टात द्यायचे उत्तर तयार केले. नावे बदलली, पत्ता बदलला. तरी त्यांना धाकधूक होती.

"सर, एकदा नजर टाकता का?"

साहेबांनी कानावरचा फोन काढला नाही. "तुझ्यावर विश्वास आहे. मार शिक्का."

वकीलबाईंनी मला दाबले. ठसा स्वच्छ उमटला.

कोर्टात मी साहेबांच्या बॅगेत होतो. न्यायाधीशांनी उत्तरातले एक वाक्य वाचून दाखवले: जागा सोडण्यास आमची हरकत नाही. जुन्या मसुद्यातले ते वाक्य तसेच राहून गेले होते. ज्युनिअरने घोळ घातला, असे साहेब म्हणाले.

"सही कोणाची आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

दुकान गेले.

शिंपीणबाई आपले कागद न्यायला आल्या. तुम्ही वाचले होते ना, एवढेच त्यांनी साहेबांना विचारले. साहेबांनी फोन कानाला लावला.

साहेबांनी वकीलबाईंना उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. शिक्क्यानेच घात केला असे म्हणून मला खणात टाकले. मला वाईट वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही.

आता साहेब पेनने सही करतात. खणात मला पाने उलटल्याचा आवाज येत नाही. शेवटच्या पानावर पेन तेवढे फिरते. काल नव्या ज्युनिअरने दबकत विचारले, "सर, एकदा बघता का?"

"तुझ्यावर विश्वास आहे," साहेब म्हणाले.

मित्रांनो, मी खणातच बरा आहे. मला बाहेर काढू नका. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, आणि तुमच्या हाताखालचे कोणी असे विचारील, तेव्हा फोन खाली ठेवा आणि वाचा.